रॅम्बस विरुद्ध डीडीआर : ‘मुक्त’ मानकाच्या विजयाची अर्धीच सांगितलेली कथा

१/१०
संगणकाच्या इतिहासात एक कथा वारंवार सांगितली जाते. रॅम्बस नावाच्या कंपनीने मेमरीच्या बाजारावर मक्तेदारी मिळवू पाहिली आणि सर्वांसाठी खुल्या असलेल्या डीडीआर मानकाने तिला धूळ चारली. कथा आटोपशीर आहे, पण अर्धीच खरी आहे. उरलेला अर्धा भाग न्यायालयांच्या निकालपत्रांत दडलेला आहे.

२/१०
१९९० च्या सुमारास प्रोसेसरचा वेग झपाट्याने वाढत होता. त्याला माहिती पुरवणारी डीरॅम मेमरी मात्र मागे पडत होती. माइक फार्मवॉल्ड आणि मार्क होरोविट्झ या अमेरिकी अभियंत्यांनी त्यावर उपाय शोधून १९९० मध्ये रॅम्बस स्थापन केली. ही कंपनी मेमरी चिप विकत नसे. रचनेचा परवाना उत्पादकांना देऊन रॉयल्टी घेत असे.

३/१०
दुसऱ्या बाजूस होती जेडेक ही मानके ठरवणारी संस्था. एरवी परस्परांचे स्पर्धक असलेले उत्पादक तिच्या समित्यांत एकत्र बसत. एका कंपनीची मेमरी दुसरीच्या जागी चालावी आणि स्पर्धेमुळे किंमत उतरावी, हा तिच्या मानकांचा मोठा लाभ. एसडीरॅम आणि पुढे डीडीआर यांची मानके याच समित्यांत घडली.

४/१०
रॅम्बसच्या आरडीरॅमचा मार्ग १६ बिटांचा, अरुंद पण अतिवेगवान. तिचा पीसी८०० प्रकार सेकंदाला १.६ गिगाबाइट माहिती वाहून नेई. डीडीआरचा मार्ग ६४ बिटांचा. तिच्या पीसी२१०० प्रकाराने २.१ गिगाबाइटचा पल्ला गाठला. क्लॉकच्या एका आवर्तनात दोनदा माहिती पाठवण्याची युक्ती दोन्हींत होती. ही युक्ती मुळात कोणाची, हाच पुढे वादाचा एक मुद्दा ठरला.

५/१०
१९९६ मध्ये इंटेलने रॅम्बसशी करार केला. त्याच वर्षी आलेल्या निन्टेन्डो ६४ मध्ये रॅम्बसचीच मेमरी होती. तंत्र टाकाऊ नव्हते. परंतु १९९९ मध्ये इंटेलचा ८२० चिपसेट मेमरीच्या अडचणींमुळे लांबला. २००० च्या नोव्हेंबरात आलेला पेन्टियम ४ प्रारंभी केवळ महागड्या आरडीरॅमवर चाले. २००१ मध्ये इंटेलने ८४५ चिपसेट आणून साध्या एसडीरॅमला वाट करून दिली. पाठोपाठ डीडीआरही आली.

६/१०
बाजारातील लढाई येथे संपली. न्यायालयातील मात्र आधीच पेटली होती. रॅम्बस १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात स्वतः जेडेकची सदस्य होती आणि १९९६ मध्ये बाहेर पडली. २००० मध्ये तिने इन्फिनियॉनवर दावा लावला : एसडीरॅम आणि डीडीआरमध्येही आपलीच पेटंटे वापरली गेली आहेत. समितीत बसून आपले पेटंट अर्ज लपवल्याचा आरोप मग रॅम्बसवरच झाला.

७/१०
२००१ मध्ये ज्यूरीने रॅम्बसला फसवणुकीबद्दल दोषी ठरवले; २००३ मध्ये अपील न्यायालयाने तो निर्णय फिरवला. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००६ मध्ये ठपका ठेवला. तोही २००८ मध्ये अपिलात टिकला नाही. २००३ च्या निकालातील एक निरीक्षण लक्षात ठेवण्यासारखे आहे : सदस्याने नेमके काय आणि केव्हा उघड करावे, याविषयी जेडेकचे नियमच कमालीचे संदिग्ध होते.

८/१०
मग उत्पादक तरी निष्कलंक होते का? डीरॅमच्या किमती संगनमताने ठरवल्याची कबुली बड्या कंपन्यांना द्यावी लागली. इन्फिनियॉनला १६ कोटी, हायनिक्सला १८.५ कोटी आणि सॅमसंगला ३० कोटी डॉलरचा दंड झाला. मात्र आरडीरॅम संपवण्यासाठी हायनिक्स आणि मायक्रॉनने कट रचला, हा रॅम्बसचा दावा २०११ मध्ये ज्यूरीने मान्य केला नाही.

९/१०
म्हणून ही सज्जन आणि दुर्जनांची कथा नव्हे. संशोधकाला मोबदला हवा आणि ग्राहकाला पर्याय हवा. दोन्ही मागण्या न्याय्य आहेत. त्यांचा मेळ घालायचा तर पेटंटे, प्रलंबित अर्ज आणि रॉयल्टीच्या अटी मानक ठरण्यापूर्वीच कागदावर यायला हव्यात. २००९ मध्ये युरोपीय आयोगापुढे रॅम्बसने रॉयल्टीची कमाल मर्यादा स्वीकारली. तेव्हा डीडीआरचे मानक प्रसिद्ध होऊन नऊ वर्षे लोटली होती.

१०/१०
आज हाच प्रश्न प्रोसेसरच्या जगात नव्याने उभा आहे. २०१० मध्ये बर्कली येथे सुरू झालेला रिस्क-फाइव्ह हा आज्ञासंच खुला आहे. आयआयटी मद्रासचे ‘शक्ती’ प्रोसेसर त्यावरच उभे आहेत. ही वाट स्वागतार्हच आहे. परंतु ‘खुले’ या शब्दावर विसंबणे पुरेसे नाही. सदस्यांनी काय उघड करायचे आणि न केल्यास काय होईल, हे नियमावलीत स्पष्ट लिहिलेले आहे का, हे आधी वाचून पाहावे. जेडेकच्या सदस्यांनी तो प्रश्न वेळीच विचारला असता, तर कदाचित इतकी वर्षे न्यायालयांत गेली नसती.