गरिबांचा वकील आणि सरकारची थैली

दरवर्षी ९ नोव्हेंबर हा दिवस देशभर ‘विधि सेवा दिन’ म्हणून साजरा होतो. जिल्ह्याजिल्ह्यांत न्यायाधीश, सरकारी अधिकारी व वकीलमंडळी व्यासपीठावर विराजमान होतात, न्याय आता गरिबाच्या दारी पोचल्याची ग्वाही देतात आणि पुष्पगुच्छांची देवघेव होऊन समारंभ संपतो. हाच दिवस का निवडला, हे व्यासपीठावरून सहसा सांगितले जात नाही. विधि सेवा प्राधिकरण कायदा संसदेने १९८७ साली संमत केला. तो अमलात आला ९ नोव्हेंबर १९९५ रोजी. गरिबाला वकील मिळवून देणारा कायदा आठ वर्षे सरकारी कपाटात पडून राहिला. ज्या तारखेची सत्ताधाऱ्यांना लाज वाटायला हवी, तिचाच त्यांनी सण केला!

हक्क मिळाला, पैसा मिळाला नाही

मोफत कायदेविषयक साहाय्याचे ३९-अ हे कलम १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने संविधानात आले. पण ते मार्गदर्शक तत्त्वांत घातले गेले, म्हणजे त्याच्या आधारे थेट न्यायालयात दाद मागण्याची सोय नव्हती. ती उणीव १९७९ साली हुसैनारा खातून खटल्यात भरून निघाली. बिहारच्या तुरुंगांत असे कच्चे कैदी सापडले की, ज्यांचा खटला उभाच राहिला नव्हता आणि ज्यांनी त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेहूनही अधिक काळ गजाआड काढला होता. जामिनाला पैसा नव्हता आणि जामीन मागायला वकील नव्हता, एवढाच त्यांचा अपराध. मोफत वकील हा जीविताच्या व स्वातंत्र्याच्या हक्काचाच भाग आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने दिला.

पुढे भागलपूर प्रकरण आले. पोलिसांनी ज्यांचे डोळे फोडले, त्या कैद्यांनाही वकील दिला गेला नव्हता. कारण काय, तर त्यांनी तो मागितला नव्हता! न्यायमूर्ती भगवती यांनी सरकारला बजावले की, आर्थिक अडचणीची सबब या कर्तव्याच्या आड येऊ शकत नाही. आरोपीला दंडाधिकाऱ्यापुढे प्रथम उभे केले जाते, त्या क्षणापासून हा हक्क सुरू होतो, आणि तो त्याला सांगणे हे दंडाधिकाऱ्याचे काम आहे.

निकाल उत्तमच होते. परंतु निकालपत्र स्वतःच्या पायांनी चालत तालुक्याच्या कोर्टात येत नाही. ते हातात घेऊन उभा राहणारा वकील लागतो आणि वकिलालाही पोट असते. १९७८ साली मोतीराम या मध्यप्रदेशातील गवंड्याकडे दंडाधिकाऱ्याने दहा हजारांचा जामीन मागितला. भाऊ जामीन राहायला तयार असता त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून त्याला नाकारले. १९५७ च्या केरळातील कम्युनिस्ट मंत्रिमंडळात कायदामंत्री असलेले न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्याला एक हजाराच्या जातमुचलक्यावर मोकळे केले. पण किती गवंडी दिल्लीपर्यंत पोचतात?

पंचाहत्तर पैशांचा न्याय

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ अखेर देशात ५,७३,२२० कैदी होते. त्यांपैकी ४,३४,३०२, म्हणजे शंभरातले पंचाहत्तरहून अधिक, कच्चे कैदी होते. १९८७ च्या कायद्याचे बारावे कलम सांगते की, कोठडीत असलेली प्रत्येक व्यक्ती मोफत वकिलाला पात्र आहे. म्हणजे यांपैकी एकही जण सरकारच्या जबाबदारीबाहेरचा नव्हता. आणि या जबाबदारीवर सरकार खर्च किती करत होते? ‘इंडिया जस्टिस रिपोर्ट’ने २०१९ साली हिशेब मांडला: दरडोई, दरसाल, पंचाहत्तर पैसे!

खटल्याच्या एका बाजूस सरकारच्या पगारावर किंवा फीवर उभा असलेला अभियोक्ता आणि त्याच्या पाठीशी सारे पोलीस खाते. दुसऱ्या बाजूस तुटपुंज्या मानधनावर, बहुधा आयत्या वेळी कागद हाती पडलेला पॅनेलवरचा वकील. यालाच समान न्याय म्हणायचे! २०२२ पासून पूर्णवेळ बचाव वकिलांची योजना आली, हे पाऊल योग्य दिशेचे आहे. पण तिथेही नेमणूक कंत्राटी. ज्या सरकारविरुद्ध लढायचे, त्याच सरकारच्या अनुदानावर आपली मुदतवाढ अवलंबून आहे, हे ज्याला ठाऊक आहे, तो किती निर्भयपणे लढेल?

या उपेक्षेवर लोकअदालतींचे पांघरूण घातले जाते. एका दिवसात इतकी प्रकरणे निकाली, असे आकडे छापून येतात. त्यांत वाहतुकीचे दंड किती, बँकांची वसुली किती, आणि अपिलाचा मार्ग कायमचा बंद करून घेणाऱ्या दुबळ्या पक्षकाराला तडजोडीचा अर्थ कोणी समजावला, हे कोण विचारतो?

दोन आक्षेप

वकीलवर्गातील काही प्रतिष्ठित म्हणतात, हा निधीचा नव्हे, सेवाभावाचा प्रश्न आहे; प्रत्येक वकिलाने काही खटले फुकट चालवावेत. सेवाभाव जरूर असावा. परंतु कायद्याने ‘सेवा’ हा शब्द वापरला तो देणे म्हणून, दान म्हणून नव्हे. सरकारी अभियोक्त्याचे बिल सेवाभावाने भागवा, असे कोणी का म्हणत नाही?

दुसरा आक्षेप आपल्याच काही उतावळ्या मित्रांचा आहे: भांडवली न्यायालये वर्गीय आहेत, मग त्यांच्या निधीसाठी कशाला भांडायचे? न्यायालये वर्गीय आहेत, हे खरेच. म्हणूनच संपात अटक झालेला कामगार आणि वनजमिनीवरून पकडलेला आदिवासी तिथे एकटा पडू नये. कामाच्या तासांचा कायदाही याच राज्यसंस्थेकडून लढून घेतला. तो काही आपण नाकारला नाही.

तेव्हा मागणी स्पष्ट असली पाहिजे. बचाव वकिलांना कायम नेमणूक आणि सरकारी अभियोक्त्याइतके वेतन द्या. त्यांचा निधी अनुदानाच्या मर्जीवर न ठेवता कायद्याने बांधून द्या. जिल्हा प्राधिकरणांत कामगार, शेतमजूर व महिला संघटनांचे प्रतिनिधी घ्या आणि खर्चाचा हिशेब दरवर्षी जाहीर करा. येत्या ९ नोव्हेंबरला समारंभाच्या मंडपात हा हिशेब मागायला आपल्या संघटनांनी हजर राहिले पाहिजे. गरिबाला वकील ही सरकारची मेहेरबानी नव्हे. ते सरकारचे थकलेले देणे आहे, आणि थकलेले देणे मागितल्याखेरीज वसूल होत नाही.