पाच हजारांची मांडवली आणि आयुष्यभराचा गुडघा

सप्टेंबर 2022 मध्ये वसईत एका घरात चार्जिंगला लावलेल्या इलेक्ट्रिक स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट झाला. सात वर्षांचा एक मुलगा भाजला आणि दगावला. देशभर अशा आगी लागत होत्या, ओरड झाली आणि त्याच डिसेंबरपासून सरकारने बॅटरीच्या सुरक्षेचे निकष कडक केले. ते व्हायलाच हवं होतं. पण हीच स्कूटर रस्त्यात कुणाला धडकली आणि पाय मोडला, तर त्याची बातमीही होत नाही. मामला जागच्या जागी मिटवतात. माझं भांडण या मिटवण्याशी आहे.

पद्धत आपल्या ओळखीची आहे. नालासोपारा असो वा वसई, स्टेशनबाहेर फुटपाथ असलाच तर त्यावर गाड्या उभ्या असतात, म्हणून माणूस रस्त्यावरून चालतो. मागून आवाज न करता स्कूटर येते. भाजी घेऊन निघालेल्या खाला पडतात. गर्दी जमते, मोहल्ल्यातला कुणी बुजुर्ग मध्ये पडतो. ‘पोरगा गरीब आहे, त्याची नियत वाईट नव्हती, पोलीस कशाला?’ हातावर पाच हजार टेकवले जातात. बाकीचं तकदीरवर सोडलं जातं.

पण दुखणं त्या दिवशी सुरू होतं, संपत नाही. गुडघ्याच्या सांध्यात फ्रॅक्चर झालं, तर हाड जुळल्यावरही काही वर्षांनी संधिवात मागे लागू शकतो. मग नमाज खुर्चीवर बसून, जिना कठड्याला धरून आणि विरार लोकलमध्ये चढणं विसरायचं. म्हातारपणी खुबा मोडला, तर अनेकांना पुन्हा आधाराशिवाय चालता येत नाही. डोक्याला लागलेला मार वरून किरकोळ दिसतो, पण वृद्धांत मेंदूभोवती हळूहळू रक्त साचून त्रास काही आठवड्यांनी उघड होऊ शकतो. तोवर पाच हजार कधीच संपलेले असतात. शिवणकाम करणारी बाई मशीनवर बसू शकत नाही आणि तिची काळजी घ्यायला घरातली मुलगी कॉलेज सोडते. हा खर्च मांडवलीत कुणी धरला होता का?

कायदा मात्र तो धरतो. राजकुमार विरुद्ध अजय कुमार या खटल्यात 2010 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की डॉक्टरांनी दिलेली अपंगत्वाची टक्केवारी आणि कमाईचं नुकसान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हात गेलेल्या कारकुनाची नोकरी टिकू शकते, पण सुताराची रोजीरोटीच जाते. भरपाई ठरवताना माणूस काय काम करत होता आणि पुढे उपचार किती लागतील, हे पाहावं लागतं.

आता खरी गोम. ताशी 25 किलोमीटरपेक्षा कमी वेगाची आणि 250 वॉटपेक्षा कमी शक्तीची स्कूटर कायद्याने मोटार वाहनच नाही. तिला नंबर प्लेट नको, लायसन नको, विमा नको. म्हणजे धडक खाणाऱ्याला विम्याचं संरक्षणच नाही. त्यात अनेक स्कूटरींत फेरफार करून वेग वाढवलेला असतो. मे 2022 मध्ये राज्याच्या परिवहन आयुक्तांना अशा गाड्यांविरुद्ध मोहीम काढावी लागली होती. मर्यादा ओलांडली की ती स्कूटर मोटार वाहन ठरते आणि तिचा मालक जबाबदार असतो. पण हे सिद्ध करायला पोलिसांचा पंचनामा लागतो, आणि तोच आपण होऊ देत नाही.

‘पोरगा गरीब आहे’ हे खरं आहे. डिलिव्हरी करणारी बरीच मुलं आपलीच आहेत. म्हणूनच विमा हवा. गाडीला विमा असेल तर भरपाई कंपनी देते, नसेल तर त्या पोराचं घर विकलं जातं. विम्याविना गाडी हातात देऊन दहा मिनिटांत पोहोच म्हणणारा मालक गरीब नाही.

आणि तकदीर? आपल्या शरीअतमध्ये चुकून झालेल्या हत्येलाही दियत आहे आणि जखमेलाही भरपाई आहे. नियत साफ असल्याने गुनाह हलका होईल, पण हक माफ होत नाही. माफ करायचा अधिकार जखमीचा आहे, मध्यस्थाचा नाही. तोही दुखणं किती आहे हे कळल्यावर. वाटेतली इजा दूर करणं ईमानाचा भाग मानणाऱ्या उम्मतीने वाटेत पडलेल्याचा हक बुडवू नये.

दोस्तांनो, पुढच्या वेळी गर्दीत तुम्ही असाल. स्कूटरचा आणि नंबर प्लेटचा फोटो घ्या. प्लेट नसेल तर तेही फोटोत येऊ द्या. आधी दवाखाना, मग लगेच पोलीस ठाणे. उपचाराचा प्रत्येक कागद जपा. हाड मोडलं म्हणजे कायद्याने ती गंभीर दुखापत. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात सहा महिन्यांच्या आत अर्ज करा. मोटार वाहन ठोकून पळालं आणि सापडलंच नाही, तर गंभीर दुखापतीसाठी 50,000 रुपयांची सरकारी तरतूद आहे. त्याचा अर्ज महसूल खात्याच्या प्रांत किंवा तहसील कार्यालयात होतो.

मोहल्ला कमिट्यांनी मांडवली करणं थांबवावं आणि दावा भरायला माणूस द्यावा. महापालिकेकडे चालायला मोकळा फुटपाथ मागावा, सरकारकडे प्रत्येक इलेक्ट्रिक स्कूटरला नंबर आणि विमा. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फुटपाथ हा जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचं म्हटलंच आहे. बॅटरीचे नियम लोक ओरडले म्हणून बदलले. पायी चालणाऱ्यांसाठी आपण अजून ओरडलेलोच नाही.