शेंडेनक्षत्र आणि समोरचा खांब

शेंडेनक्षत्र अपशकुनी असतं असं म्हणणाऱ्यांशी माझं भांडण नाही. ते बिचारे निदान मान वर तरी करतात. माझं भांडण आहे ते आकाशाच्या डोळ्यांत दिवे खुपसून त्याला प्रगती म्हणणाऱ्यांशी.

२०२४ च्या ऑक्टोबरात त्सुचिनशान-अ‍ॅटलास नावाचा धूमकेतू (नाव नीट उच्चारेपर्यंत तो मावळायचा) संध्याकाळी पश्चिमेला दिसत होता. १२ तारखेला, म्हणजे ऐन दसऱ्याला, तो पृथ्वीच्या सगळ्यांत जवळ होता. जवळ म्हणजे सात कोटी किलोमीटरवर. आमच्या गच्चीवरच्या ३ इंची दुर्बिणीने सात कोटी किलोमीटरला दाद दिली नाही. ती हरली चाळीस फुटांवरच्या खांबापुढे!

अंधुक वस्तूचा फोटो काढायचा तर कॅमेऱ्याचं शटर काही सेकंद उघडं ठेवावं लागतं. तेवढ्या वेळात येईल तो उजेड तो बापडा इमानदारीने साठवतो. त्यात धूमकेतूचा कणभर आणि खांबाचा मणभर. फोटोत आकाश ताकासारखं पांढरं आलं, आणि त्यात धूमकेतू शोधायचा म्हणजे ताकात लोण्याचा कण शोधायचा. शेपूट तर गेलंच. बिनशेंडीचं शेंडेनक्षत्र!

शेजारचे काका म्हणाले, "कायले त्रास करून घेऊन राहिले भाऊ? मोबाईलवर पाहा ना, एकदम झकास दिसते!" अहो काका, सावजीचा रस्सासुद्धा मोबाईलवर झकास दिसतो, पण नाकाडोळ्यांतून पाणी काढायला तिथे जाऊनच बसावं लागतं ना?

१६ तारखेला कोजागिरी आली आणि उरलंसुरलं आकाश चंद्राने धुऊन काढलं. पण चंद्राबद्दल तक्रार नाही. त्याच्या नावाने मसाला दूध तरी मिळतं. खांबाच्या नावाने मिळतं ते बिल.

"मग काय दिवे काढून टाकायचे? चोरांचं काय?" असं लगेच विचारलं जातं. काढा कोण म्हणतंय? दिव्याला टोपी घाला, एवढंच म्हणतोय. दिवा रस्त्यासाठी असेल तर उजेड रस्त्यावर पडू दे. वर जाणाऱ्या उजेडात कोणता चोर सापडतो? विमानातला?

आणि हे जमत नाही असं मला कोणी सांगू नये. आपल्याच जिल्ह्यातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये 'डार्क स्काय पार्क' म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. भारतातला असा तो पहिलाच. त्यासाठी वाघोली, सिल्लारी अशा गावांतले रस्त्यावरचे दिवे बदलून जमिनीकडे तोंड केलेले बसवले. म्हणजे वाघाच्या डोक्यावर चांदणं आणि घरपट्टी भरणाऱ्याच्या डोक्यावर खांब! आमच्या गल्लीतल्या पोट्ट्यांना आकाशगंगा म्हणजे एखादं मंगल कार्यालय वाटतं, यात त्यांचा काय दोष?

टोपीसाठी मी रीतसर अर्ज दिलेला आहे. पोचही मिळाली आहे. हा धूमकेतू पुन्हा येईल याचा काही भरवसा नाही, पण हॅलेचा २०६१ साली नक्की यायचा आहे. तोवर फाईल दुसऱ्या टेबलावर गेली असेल, असा माझा अंदाज आहे.