घर्षण म्हणजे फक्त म्यू नव्हे!

मित्रांनो, फर्स्ट इयरला मेकॅनिक्सच्या लॅबमध्ये घर्षणाचं प्रॅक्टिकल आपण सगळेच करतो. लाकडी फळी, ठोकळा, पुली आणि वजनं. म्यू किती 'यायला हवा' हे सीनियरच्या जर्नलमधून आधीच कळलेलं असतं. मग रीडिंग्ज त्याप्रमाणे बसवायची, सही घ्यायची आणि मेसला पळायचं. माझं म्हणणं एवढंच आहे, की ही सवय दिसते तितकी निरुपद्रवी नाही. आणि त्यासाठी मी उदाहरण देणार आहे ते ठोकळ्याचं नव्हे, हिमनदीचं.

हिमनदी पुढे जाते ती दोन-तीन तऱ्हांनी. स्वतःच्या वजनाखाली बर्फ घट्ट काकवीसारखा आतल्या आत वाहतो, शिवाय तळाच्या खडकावरून सरकतो. तळाशी मऊ गाळ असला तर तोही बर्फाबरोबर ओढला जातो. सरकण्याचा पहिला नीट सिद्धान्त जोहानेस वीर्टमन यांनी १९५७ साली मांडला. शाळेत शिकलेलं पुनर्हिमायन आठवा. वजनं बांधलेली तार बर्फाच्या लादीतून आरपार जाते, लादी मात्र अखंड राहते! खडकाच्या उंचवट्यापाशीही तेच होतं. अलीकडच्या बाजूला दाब जास्त, म्हणून बर्फ वितळतो. पाणी वळसा घेऊन पलीकडे जातं आणि पुन्हा गोठतं. लहान उंचवटे असे पार होतात. मोठ्या उंचवट्यांवरून बर्फ आकार बदलून वाहतो. खरा अडथळा करतात ते मधल्या आकाराचे.

सिद्धान्त सुरेख होता, पण पाण्याच्या दाबाचा हिशेब त्यात नव्हता. लुई लिबूत्री या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९६८ साली उंचवट्यांमागच्या पाण्याने भरलेल्या पोकळ्यांचं गणित सविस्तर मांडलं. सिव्हिलवाल्यांना हे पटकन कळेल, कारण सॉइल मेकॅनिक्समधला टरझागींचा इफेक्टिव्ह स्ट्रेस तो हाच. बर्फाच्या दाबातून पाण्याचा दाब वजा केला की उरेल तेवढ्यावरच खडकाची पकड.

पुढे २००२ मध्ये ग्रीनलंडची मोजमापं प्रसिद्ध झाली. हजार मीटरहून जाड बर्फसुद्धा उन्हाळ्यात, वरचं वितळलेलं पाणी तळाशी पोचलं की, वेग घेतो! निष्कर्ष सोपा वाटला : जितकं जास्त पाणी, तितका जास्त वेग. पण आणखी मोजल्यावर दिसलं, की पाणी वाहतं राहिलं तर तळाशी बोगद्यांसारख्या वाटा तयार होतात, निचरा होतो, दाब उतरतो आणि बर्फ पुन्हा मंदावतो. नैऋत्य ग्रीनलंडमध्ये, जिथे बर्फ समुद्रात न जाता जमिनीवरच संपतो, तिथे वितळणं वाढूनही वेग घटल्याचं २०१५ मध्ये समोर आलं. सोपी सरळ रेष मोडली. पण ती वाचवण्यासाठी कुणी रीडिंग खोडलं नाही.

नॉर्वेत एंगाब्रेन हिमनदीच्या खाली, सुमारे २०० मीटर बर्फाच्या पोटात, एक प्रयोगशाळाच आहे. जलविद्युत प्रकल्पासाठी खणलेल्या बोगद्यांमुळे ती शक्य झाली, म्हणजे वाट इंजिनिअरांनीच करून दिली. गरम पाण्याने बर्फात पोकळी करून तिथे उपकरणं बसवतात. वरच्या वजनाने ती पोकळी लवकरच मिटते. एवढ्या खटाटोपातून काय कळलं? खडी-गाळ मिसळलेल्या तळच्या बर्फाचं घर्षण अंदाजापेक्षा बरंच जास्त आहे. पुस्तकातला आकडा उतरवून हे कधीच कळलं नसतं.

"पण आम्हाला त्याचं काय?" असं हॉस्टेलवर कुणीतरी विचारणारच. अंटार्क्टिकातली थ्वेट्स हिमनदी पूर्ण गेली तर जगाचा समुद्र सरासरी सुमारे ६५ सेंटिमीटर चढेल. हे किती वर्षांत होईल याचं उत्तर, गणितात तळाच्या घर्षणाचा कोणता नियम धरला यावरही अवलंबून असतं. मुंबईतली भरावाची जमीन आणि कोकणातल्या खाड्या डोळ्यांपुढे आणा. उद्या तिथल्या पुलांची आणि बंधाऱ्यांची उंची ठरवणाऱ्यांत आपल्यापैकीही काही जण असतील. आणि हे काम फक्त गोऱ्या लोकांचं आहे असंही नाही. आपलं राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र गोव्यात वास्कोला आहे, आणि त्यांनी २०१६ मध्ये स्पितीत 'हिमांश' हे संशोधन केंद्र उभारलं.

दोष फक्त पोरांचा आहे असंही मला वाटत नाही. वेगळं रीडिंग आलं की "पुन्हा करा" असा शेरा मिळत असेल आणि बसवलेल्या रीडिंगवर मुकाट सही होत असेल, तर शहाणा मुलगा काय करेल? म्हणून सर-मॅडमना विनंती : उत्तर जुळलं नाही तरी 'का जुळलं नाही' हे ज्याने अर्धं पान लिहिलं, त्याला पूर्ण मार्क द्या. फळी ओली होती, पुली अडकत होती, ठोकळ्याखाली धूळ होती, काहीही असेल. आणि मित्रांनो, आपणही आलेलं रीडिंग पेनने लिहू या, पेन्सिलने नको.