सोळा आकडी विद्वान

आमचा भाचा माळशिरसला प्राध्यापक. परवा तो ऑर्किडचा सोळा आकडी नंबर घेऊन नाचत आला. "मामा, संशोधकाला हा लागतोच!"

म्हटलं, अरे, सोळा आकडे आमच्या एटीएम कार्डावरही असतात. त्यानं खात्यात शिल्लक येत नाही!

नंबराला माझी हरकत नाही. एकाच नावाचे चार पाटील निघाले की नोंद कुठं जाते, हे कारकुनाला विचारा. हरकत आहे ती एच-इंडेक्सच्या काट्यावर रोज चढउतार करण्याला. अहो, देवळालीच्या कापरेकर मास्तरांनी १९४९ साली ६१७४ची गंमत मांडली. चारच आकडे! १९७५ मध्ये मार्टिन गार्डनरनं अमेरिकेत त्यावर लिहिलं. मास्तरांनी कुठं प्रोफाइल काढलं होतं?

भाच्यानं ऐकलं नाही. फोटो चढवला, पदव्या चढवल्या. 'शोधनिबंध' या रकान्याशी मात्र थबकला.

"मामा, इथं काय लिहू?"