घाबरतं कोण कुणाला?

परवा लेकाला घेऊन सांताक्रूझच्या डोंगरात फिरायला गेलो होतो. पायवाटेच्या तोंडाशीच पाटी. इथे माउंटन लायनचा वावर आहे. दिसला तर पळू नका, लहान मुलांना उचलून घ्या, हात वर करून मोठे दिसा, ओरडा. मी वाचून दाखवेपर्यंत चिरंजीव कडेवर! आणि खरं सांगू? माझीही मान दर दोन मिनिटांनी मागे वळत होती.

नावात 'सिंह' असला तरी या प्राण्याला डरकाळी फोडता येत नाही. २०२० साली युटामध्ये एका धावणाऱ्या तरुणामागे एक मादी सहा मिनिटं चालत आली, त्याचा व्हिडिओ जगभर गाजला. काय ते फुत्कारणं, काय ते झेपावणं! पण तिने त्याला शिवलंसुद्धा नाही. तिची पिल्लं जवळ होती, आणि तिला तो तिथून जायला हवा होता. बस्स.

याच सांताक्रूझच्या डोंगरात संशोधकांनी एक प्रयोग केला. माउंटन लायनने मारलेल्या हरणाजवळ स्पीकर लपवले. तो खायला आला की कधी बेडकांचा आवाज लावायचा, कधी माणसांच्या गप्पा. बेडकांचं त्याला सहसा काहीच वाटलं नाही. माणसं बोलू लागली की मात्र तो बहुतेक वेळा ताटावरून उठून पळाला!

आता शिकाऱ्यांचं म्हणणं ऐका. शिकार थांबली तर हा प्राणी निर्ढावेल, म्हणे. २०२४ मध्ये कोलोरॅडोत शिकारबंदीवर मतदान झालं, तेव्हाही हा मुद्दा होता, आणि बंदी फेटाळली गेली. पण कॅलिफोर्नियात मतदारांनी १९९० मध्येच हौसेची शिकार बंद केली. गुरं मारणाऱ्या जनावरासाठी परवान्याने मुभा आहे. तरी इथला माउंटन लायन नुसत्या आवाजाने पळतो. मग कुत्रे मागे सोडायचे, दमून तो झाडावर चढला की खालून गोळी घालायची, यातून नेमका कोणाला धडा मिळतो? मेलेलं जनावर काय शिकणार?

धोका नाहीच, असं मी म्हणत नाही. २०२४ मध्ये कॅलिफोर्नियात एक तरुण या प्राण्याच्या हल्ल्यात गेला. त्याच्या घरच्यांना कोणी आकडे सांगू नयेत. पण राज्यातला तो वीस वर्षांतला पहिला मृत्यू होता, हेही खरंच. म्हणून मला वाटतं, सावध राहायचं काम आपलं. त्यासाठी त्याला मारायची गरज नाही.

असो. परतताना लेकाला खाली उतरवलं, हात घट्ट धरला आणि म्हटलं, "मोठ्याने बडबड करत चल."

आयुष्यात पहिल्यांदाच बाबाने असं सांगितलं होतं. गाडीपर्यंत तोंड मिटलं नाही पठ्ठ्याचं!