धुराची शिसवी डबी

‘हॅण्डमेड’ म्हटलं की आपण पाघळतो. हॅण्डमेड साबण, हॅण्डमेड डायरी, हॅण्डमेड चॉकलेट... किंमत तिप्पट आणि आपण ती हसत हसत मोजतो! मग हॅण्डमेड व्हेप का नको? शिसवाची गुळगुळीत डबी, तिच्यावर कार्बन फायबरची काळी, विणलेली पट्टी. हातात घेतली की एकदम जेम्स बॉण्ड. परदेशात अशा डब्या घरी घडवणाऱ्या हौशी मंडळींचा मोठा गोतावळा आहे. ते याला ‘मॉड’ म्हणतात.

आणि आता शेवगावात माझा मामेभाऊ.

चाकणला नोकरी, दिवसाला दहा सिगारेटी. दिवाळीला गावी आला तो बॅगेत कार्बन फायबरचा तुकडा घेऊनच. कुण्या ड्रोनवाल्या मित्राकडचा. लाकडाची काय कमी? मामा सुतार. एकेकाळी बाभळीची औतं आणि बैलगाड्या करायचा, आता दारं-खिडक्या आणि ‘मॉड्युलर किचन’. (हो, शेवगावातही!) दुकानात शिसवाचा एक तुकडा कित्येक वर्षं पडून होता. मामानं स्वतः रंधा मारून दिला, आतली खाच पटाशीनं कोरून दिली. कशासाठी, ते मात्र त्याला माहीत नव्हतं.

डबी सॉलिड झाली होती, खोटं का बोला. कोपरे असे घासलेले, की बोट फिरवत राहावं.

‘‘ताई, सिगारेट सोडायचीय गं,’’ भाऊ हळूच म्हणाला. ‘‘यावर आलो की सुटेल.’’

इथे मला गप्प बसवेना. कारण यातली निम्मी गोष्ट खरी आहे. ज्या चिनी औषधतज्ज्ञानं, होन लिकनं, २००३च्या सुमारास आजची ई-सिगारेट घडवली, तोही सिगारेट सोडू पाहणाराच होता. ब्रिटनमध्ये तर सरकारी आरोग्यसेवाच सिगारेट सोडायला व्हेप सुचवते. पण तिथे लिक्विडमधल्या निकोटिनवर मर्यादा आहे, एका मिलिलिटरला २० मिलिग्रॅम. बाटलीत काय आहे, ते बाटलीवर लिहिलेलं असतं. आपल्याकडे चोरून येणाऱ्या बाटलीत काय आहे, हे कोण सांगणार? २०१९मध्ये अमेरिकेत व्हेप ओढणाऱ्यांची फुप्फुसं अचानक निकामी व्हायला लागली. फेब्रुवारी २०२०पर्यंत २,८०७ जण आजारी, ६८ मृत्यू. बहुतेकांनी गांजाच्या अर्काची, चोरट्या मार्गानं आलेली लिक्विड्स ओढली होती आणि मुख्य संशयित ठरलं त्यात मिसळलेलं व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेट. व्हिटॅमिन, बोला!

बरं, डबीचं काय? भाऊ म्हणाला, डबी तर नुसती लाकडाची आहे. मी त्याला कायदा दाखवला. भारतात सप्टेंबर २०१९मध्ये वटहुकूम आला, डिसेंबरमध्ये त्याचा कायदा झाला. ई-सिगारेट बनवणं, विकणं, आयात करणं, साठवणं, जाहिरात करणं, सगळं बंद. आणि ‘बनवणं’ म्हणजे नुसता कारखाना नव्हे. यंत्र किंवा त्याचा कुठलाही भाग तयार करणं, जोडणं, हेही त्यात आलं. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणजे बिचारा मामा रंधा मारता मारता कुठे जाऊन बसला असता, बघा.

भाऊ इंजिनीअर, त्याला कायद्यापेक्षा करंट लवकर कळतो. पूर्ण चार्ज झालेला लिथियम सेल ४.२ व्होल्टचा. कॉइलचा रोध ०.२ ओहम धरला, तर २१ अँपिअर. गीझरचा सॉकेटही १६चाच असतो! हे सगळं तोंडापासून दोन इंचांवर. त्यात लाकूड जळतं आणि कार्बन फायबरमधून, दिसायला प्लास्टिकसारखं असलं तरी, वीज वाहते. सेलवरचं पातळ आवरण फाटलं आणि त्या पट्टीला टेकलं, की शॉर्ट सर्किट. कंपनीच्या यंत्रात निदान मध्ये एक सर्किट असतं, करंट वाढला की बंद करणारं. भावाच्या डिझाइनमध्ये सेल, बटण आणि कॉइल, संपलं. २०१८मध्ये फ्लोरिडात एक माणूस व्हेप फुटून गेला.

‘‘मग सिगारेट कशी सोडू?’’ त्यानं विचारलं. हा प्रश्न खरा होता. उत्तर अजिबात स्टायलिश नाही. १८००-११-२३५६ हा सरकारचा तंबाखूमुक्तीचा मोफत नंबर आहे, फोनवर समुपदेशक बोलतात. निकोटिनचं च्युइंगगम मिळतं, तेही डॉक्टरला विचारून घ्यावं. पहिले काही दिवस जाम चिडचिड होते, हे मी त्याला आधीच सांगितलं. त्यानं नंबर सेव्ह केला. त्या रात्री गच्चीवर दोन सिगारेटीही ओढल्या.

डबी ओट्यावर तशीच पडली होती. सकाळी मामानं उचलली, उलटीसुलटी केली, खाचेत बोट घालून पाहिलं. मग चंची सोडून त्यात तंबाखू आणि चुन्याची डबी बसते का, ते बघायला लागला. फिट्ट बसली!

भावानं माझ्याकडे पाहिलं, खिशातून मोबाइल काढला आणि म्हणाला, ‘‘अण्णा, एक नंबर देतो. दोघं मिळून लावू.’’

मामा चुना मळतच होता. ‘‘आधी तू लाव,’’ म्हणाला.